परीक्षेसाठी लिहिलेले स्तोत्र



ज्या संगीतशिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्या वर्गातला मी एक बेसूर विद्यार्थी. गुरुजींनी मला एकदाही वर्गाबाहेर काढले नाही. पुढे मी अन्यत्र मुख्याध्यापक झालो आणि शालान्त परीक्षेचा निकाल सुधारावा म्हणून वेळापत्रकातून संगीताचा तासच काढून टाकला. त्या चुकीची कबुली म्हणून आज एका फ्रेंच विद्यार्थ्याची हकीकत सांगतो.

गाब्रिएल फोरे यांचा जन्म १८४५ सालचा. वडील शिक्षकी पेशातले. त्यांच्या शाळेलगतच्या प्रार्थनामंदिरात हा मुलगा हार्मोनियम वाजवीत बसे. १८५४ मध्ये, नवव्या वर्षी, त्याला पॅरिसमधील निदरमेयेर यांच्या निवासी शाळेत ठेवण्यात आले. चर्चसाठी ऑर्गनवादक व गायकवृंदांचे संचालक घडविणारी ती शाळा. अकरा वर्षे त्याने तेथे प्राचीन ग्रेगोरियन स्तोत्रांचा आणि जुन्या आचार्यांच्या रचनांचा अभ्यास केला. १८६१ मध्ये संस्थापक निवर्तले आणि पंचविशीतले सँ-साँस पियानो शिकवू लागले. शुमान, लिस्ट, वाग्नर हे अभ्यासक्रमात नव्हते. सँ-साँस यांनी ते मुलांना ऐकविले.

या दोन्ही संस्कारांतून 'कांतिक द झाँ रासीन' ही रचना जन्मास आली. शब्द सतराव्या शतकातील नाटककार रासीन यांचे. तेही एका लॅटिन स्तोत्राचे फ्रेंच रूपांतर. रात्रीच्या नीरव प्रहरी ईश्वराची कृपादृष्टी मागणारी ही प्रार्थना आहे. आरंभी वाद्याची संथ लहर येते, मग खर्जातला पुरुषस्वर उमटतो आणि त्यावर इतर आवाज चढत जातात. १८६५ मध्ये शाळा सोडताना या रचनेला पहिले पारितोषिक मिळाले. जगभरचे गायकवृंद आजही ती गातात.

प्रतिभा त्या तरुणाचीच, यात शंका नाही. परंतु तिला अकरा वर्षांचा अवधी दिला तो शाळेने. परीक्षेसाठी मी संगीत वगळले. तेथे परीक्षेनेच संगीत मागितले! माझ्या त्या शाळेत असा एखादा मुलगा होता की नव्हता, हे आता कधीच कळणार नाही. तो प्रश्न माझ्यापाशी राहील.

विश्वस्तांना एवढीच विनंती की, गुरुजींचा तास वेळापत्रकात राहू द्यावा. सुरेल मुलांसाठी आणि माझ्यासारख्या बेसुरांसाठीही.