क्रुसाच्या कन्या

वसईतील निर्मळचे ख्रिस्तमंदिर पवित्र क्रुसाला वाहिलेले आहे. त्याच क्रुसाचे नाव धारण करणाऱ्या ‘क्रुसाच्या कन्या’ या भगिनीसंघाचा उगम मात्र बेल्जममधील लीएज नगरीत झाला. जान हाझ या तेथील धर्मशील स्त्रीने १८२९ साली दरिद्री मुलींची शाळा हाती घेतली; परंतु डच अंमलात नवा धर्मसंघ काढण्यास मोकळीक नव्हती. बेल्जम स्वतंत्र झाल्यावर, १८३३ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी व्रत घेतले. केवढी ही सबुरी! पुढे तुरुंगातील स्त्रियांची सेवाही या भगिनींनी पत्करली. १८६२ साली त्या कराचीस आल्या; नंतर वांद्र्याचे सेंट जोसेफ कॉन्व्हेंट व अंधेरीचे अनाथ मुलींसाठीचे सेंट कॅथरिन्स होम त्यांनीच चालविले. जानबाईंना हिंदुस्थानचे दर्शन घडले नाही. १८७६ साली लीएज येथेच त्यांनी देह ठेवला.