रागाचे पाच लाइक



मी सॉफ्टवेअर लिहितो, भाषणं करत नाही. म्हणून कामाचंच बोलतो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये फेसबुकने लाइकच्या शेजारी हसू, रडू, राग अशी चिन्हं दिली. २०१७ पासून या चिन्हांना लाइकच्या पाचपट वजन होतं. म्हणजे एखाद्या पोस्टवर तुम्ही तो लालबुंद चेहरा दाबलात, की पाच लाइक मिळाल्यासारखी ती वर चढायची. यंत्राला निषेध कळत नाही, फक्त हालचाल कळते. रागाचं वजन शून्यावर आलं ते थेट सप्टेंबर २०२० मध्ये.

मधल्या काळात मी काय करत होतो? आपल्याला शिव्या देणारा व्हिडिओ दिसला की "बघा, काय बोलतात हे!" असं लिहून शेअर करायचो. खाली मित्रांचे पटापट राग. वाटायचं, उत्तर दिलं. खरं तर त्या माणसाची फुकट जाहिरात केली होती. ऑनलाइन मार्केटिंगवाले यालाच 'एंगेजमेंट' म्हणतात, आणि त्यासाठी रोख पैसे मोजतात!

राग शून्य झाला तरी कॉमेंट आणि शेअर अजून मोजले जातातच. म्हणून आता मी व्हिडिओ पुढे ढकलत नाही. लिंक, तारीख, स्क्रीनशॉट जपतो, रिपोर्ट करतो. प्रकरण गंभीर असेल तर सायबर पोलिसांकडे तक्रार.

परवा घरच्या ग्रुपवर मामूंनी असाच एक व्हिडिओ टाकला. म्हटलं, "मामू, डिलीट करा."

"मग लोकांना कळणार कसं, बेटा?"

याचं उत्तर माझ्याकडे अजून अर्धंच आहे.