गड पाहावा पाण्याच्या बाजूनं

जोधपूरला गेलेले आपले प्रवासी मेहरानगढ दोन-तीन तासांत उरकतात. मोतीमहाल, फूलमहाल, पालख्या, हौदे, तटावरच्या तोफा आणि खाली पसरलेली निळी घरं. हे पाहावंच. फूलमहालाचं सोनेरी छत तर मान अवघडेपर्यंत पाहावं. पण माझा आग्रह आहे की, वाळवंटातला गड आधी पाण्याच्या बाजूनं पाहावा.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गड बांधण्याआधी पाणी पाहायला सांगितलं आहे. मेहरानगढासाठी मारवाडच्या राव जोधानं १४५९ मध्ये मंडोर ही राजधानी सोडून जो डोंगर निवडला, तो मात्र ज्वालामुखीच्या रसातून झालेला कठीण खडक. तिथं राहणाऱ्या चिडियानाथ नावाच्या साधूला उठवलं, म्हणून त्यानं पाण्याच्या टंचाईचा शाप दिला, अशी कथा आहे. शापाच्या शांतीसाठी गडाच्या पायात राजाराम मेघवाल नावाचा माणूस जिवंत गाडला गेला, असं सांगतात. गडावर त्याची खूण आहे. तिथं थांबल्यावाचून कुणी महालाकडे जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

टंचाईला खरं उत्तर दिलं ते तळ्यांनी. जोधाची राणी जसमादे हाडी हिनं गडाच्या पायथ्याशी रानीसर बांधून घेतलं. ते पाणी गडाचं, शेजारच्या पदमसरचं गावाचं. उत्तरेकडच्या उघड्या खडकावर पडलेला पाऊस तळ्यात यावा म्हणून खडक फोडून कालवा काढला. त्याला हाथी नहर म्हणतात. छिन्नी-हातोड्यानं असा खडक फोडणाऱ्यांची नावं कुठल्याच दालनात नाहीत, आणि मला ही मोठी उणीव वाटते.

याच खडकाळ भागात आज राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. बाहेरून आणलेल्या वेड्या बाभळीनं तो सारा व्यापला होता. २००६ पासून ती मुळासकट काढून थोर, कुमट अशी मारवाडची झाडं पुन्हा लावली. बाभळीची मुळं खडकाच्या भेगांत खोल शिरलेली. ती काढायला खाणकामगार बोलावले. ते हातोडा मारून आवाजावरून खडकाची जात ओळखत.

गावात उतरलात की अठराव्या शतकातला तूरजी का झालरा पाहा. अभयसिंहांच्या राणीनं बांधवलेली ही पायऱ्यांची विहीर कित्येक दशकं घाण पाण्यानं भरून पडली होती. आता ती साफ आहे, आणि पोरं वरून धडाधड उड्या मारतात.

उमेदभवन राजवाडाही याच नजरेनं पाहा. १९२९ ते १९४३ या काळात ते उभं राहिलं, ते दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं या सभागृहात असतील, त्यांना मी आणखी काय सांगू?

जायचंच तर पाऊस झाल्यावर, भाद्रपदात जा. सहलवाले दिवाळीनंतर नेतात. तेव्हा हवा छान असते, पण हाथी नहर कोरडी पडलेली असते.