विजयदुर्गावरील साहेबाचे ओटे

वाघोटण खाडीच्या मुखाशीं विजयदुर्गाचा किल्ला उभा आहे. आंग्र्यांच्या आरमाराचें हें ठाणें १७५६ सालीं इंग्रजांनीं तुळाजी आंग्र्यांकडून घेतलें, ही हकीकत इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असते. परंतु याच किल्ल्यावर असे कांहीं चौथरे आहेत कीं, ज्यांचा लढाईशीं कांहींएक संबंध नाहीं. गांवकरी त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात. हे ओटे तोफांसाठीं नव्हते; दुर्बिणींसाठीं होते. आजच्या भाषणाचा विषय हे ओटे, आणि त्यांच्या निमित्तानें उभा राहणारा एक प्रश्न: सरकारच्या पैशानें जें शास्त्रीय संशोधन चालतें, त्यांत सामान्य माणसाची जागा कोणती?

या ओट्यांविषयीं एक समजूत सर्वत्र रूढ आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं खग्रास सूर्यग्रहण झालें, त्या वेळीं नॉर्मन लॉक्यर या इंग्रज शास्त्रज्ञानें येथूनच सूर्याकडे पाहिलें आणि हेलियम नांवाच्या वायूचा शोध याच जागीं लागला, असें सांगण्यांत येतें. १८ ऑगस्टला विज्ञानप्रेमी मंडळी किल्ल्यावर जमून हेलियमचा दिवस साजरा करतात. त्यांच्या उत्साहाचें कौतुक करावें तेवढें थोडें आहे. तथापि या समजुतींतला बराच भाग घडलेल्या गोष्टींशीं जुळत नाहीं. आणि विशेष हें कीं, खरी हकीकत त्या समजुतीपेक्षां अधिक मोलाची आहे.

१८६८ चें ग्रहण दक्षिण हिंदुस्थानांतून गेलें, हें खरें. विजयदुर्गहि त्या छायेच्या वाटेंत होता. परंतु ऑगस्ट म्हणजे कोंकणांत भर पावसाळा. शास्त्रज्ञांनीं आपलीं ठाणीं घाटापलीकडे दिलीं होतीं. लेफ्टनंट हर्शेल जमखंडीस होते, कॅप्टन हेग विजापुरास, मेजर टेनंट गुंटूरास, आणि मद्रासच्या वेधशाळेचे पॉग्सन मच्छलीपट्टणास. फ्रेंच सरकारनें पाठविलेले जान्सेन हेहि गुंटूरासच होते. सूर्याच्या कडेवरून वर उसळणाऱ्या तांबड्या ज्वाला हे जळत्या वायूचे लोट आहेत, हें त्या दिवशीं वर्णपटदर्शक यंत्रानें सिद्ध झालें. ज्वालांच्या वर्णपटांतील रेषा जान्सेन यांस इतक्या तेजस्वी दिसल्या कीं, ग्रहण नसतांनाहि त्या दिसतील, असें त्यांच्या मनानें घेतलें. आणि दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं तें करून दाखविलें.

या दिवशीं लॉक्यर कोठें होते? ते विलायतेंत होते. ते कोणत्या वेधशाळेचे नोकर नव्हते. ब्रिटिश युद्धखात्यांत ते कारकुनी करीत व फावल्या वेळीं घरच्या दुर्बिणींतून सूर्य पाहत. सरकारी अनुदानांतून त्यांच्यासाठीं एक वर्णपटदर्शक तयार होत होता. त्याला उशीर झाला, आणि तो हातीं आला तो १८६८ च्या ऑक्टोबरांत. २० ऑक्टोबर रोजीं लॉक्यर यांनीं त्यांतून सूर्याची कड पाहिली, तेव्हां त्यांना एक पिवळी रेषा आढळली. ती सोडियमच्या ठाऊक असलेल्या रेषांजवळ होती, पण त्यांच्याशीं जुळत नव्हती. पृथ्वीवरील कोणत्याच द्रव्याशीं ती जुळेना. त्या अज्ञात द्रव्यास पुढें सूर्याच्या ग्रीक नांवावरून हेलियम असें नांव पडलें. जान्सेन व लॉक्यर यांचीं पत्रें पॅरिसच्या विज्ञान अकादमींत एकाच दिवशीं वाचण्यांत आलीं, आणि फ्रेंच सरकारनें पुढें त्या दोघांच्या मुद्रा असलेलें एक पदक पाडलें. हा वायु पृथ्वीवर सांपडला, तो १८९५ सालीं, विल्यम रॅम्से यांना एका खनिजांत. लॉक्यर ग्रहण पाहण्यास हिंदुस्थानांत प्रथम आले ते १८७१ च्या डिसेंबरांत, आणि तेव्हांहि ते उतरले तें मलबार किनाऱ्यावरील बेकल किल्ल्यावर.

तेव्हां हेलियमची जन्मभूमि हा मान विजयदुर्गास देतां येत नाहीं. मात्र त्या शोधाच्या कथेंत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्याच्या नांवावर हा शोध जमा आहे, तो मनुष्य शोधाच्या वेळीं केवळ एक हौशी कारकून होता. सरकारनें त्याला पदवी विचारली नाहीं, उपकरण दिलें. मनुष्य आणि साधन यांची गांठ पडली, आणि सूर्यावरचें एक नवें द्रव्य मनुष्यजातीस ठाऊक झालें.

लॉक्यर यांना या गोष्टीचा विसर पडला नसावा, असें त्यांच्या पुढील वर्तनावरून दिसतें. ते विजयदुर्गास खरोखर आले तें १८९८ सालीं. २२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावास्या. त्या दिवशीं खग्रास ग्रहणाची छाया कोंकणच्या किनाऱ्यावर चढून जेऊर, वऱ्हाड या वाटेनें ईशान्येस गेली. मुंबई इलाख्यांत तेव्हां प्लेगनें थैमान घातलें होतें. लॉक्यर यांच्या मागें एक अपयशहि होतें: १८९६ च्या ऑगस्टांत ते अशाच ग्रहणासाठीं नॉर्वेस गेले होते, आणि ऐन वेळीं ढगांनीं सर्व झांकून टाकलें होतें.

खग्रासाची अडचण ही कीं, वेळ अत्यंत थोडा. विजयदुर्गास सूर्य पूर्ण झांकलेला राहणार होता सुमारें दोन मिनिटें. या दोन मिनिटांत करावयाचीं कामें पन्नास, आणि विलायतेहून आलेले शास्त्रज्ञ मोजके. तेव्हां लॉक्यर यांनीं 'मेल्पॉमिनी' या लढाऊ जहाजावरील लोकांचें साहाय्य घेतलें. जहाजाचे कप्तान चिझम-बॅटन यांनीं अधिकारी व खलाशी कामास लाविले. ज्योतिषशास्त्राचें शिक्षण न घेतलेल्या या लोकांच्या तुकड्या पाडण्यांत आल्या. कोणी सूर्याभोंवतींच्या प्रभामंडळाचें चित्र काढावें. कोणी भरदुपारीं दिसूं लागणारे तारे व ग्रह टिपावे. कोणी समुद्रावरून धांवत येणारी चंद्राची छाया पाहावी. कोणी आकाशाचे पालटते रंग लिहून ठेवावे. कोणी घड्याळ हातीं धरून उरलेले सेकंद मोठ्यानें पुकारावे. जहाजावर तोफेची कवाईत होते, तशी या कामाची तालीम घेण्यांत आली.

चित्रें काढणाऱ्यांची तऱ्हा तर विशेष होती. त्यांचे डोळे मंद प्रकाशास तयार असावे, म्हणून ग्रहणापूर्वीं कांहीं वेळ त्यांवर पट्टी बांधून ठेवीत. समोर काठीवर एक वाटोळी चकती बसविलेली असे. सूर्याजवळचें झगझगीत तेज त्या चकतीआड लपे, आणि बाहेरचे फिकट किरण दिसूं लागत. अशा चित्रांत एकवाक्यता क्वचितच आढळते. एकास जेथें किरण दिसतो, तेथें दुसऱ्यास कांहींच दिसत नाहीं. म्हणूनच एका माणसाच्या डोळ्यावर भिस्त न ठेवतां अनेकांचें पाहणें ताडून घ्यावें लागतें, आणि छायाचित्राच्या कांचेशीं तें पडताळावें लागतें. २२ जानेवारीस आकाश निर्मळ राहिलें. लॉक्यर, चिझम-बॅटन आणि कलकत्त्याचे प्राध्यापक पेडलर या तिघांच्या नांवें विजयदुर्गचा वृत्तांत पुढें लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केला. एका जहाजाच्या कप्तानाचें नांव शास्त्रज्ञांच्या जोडीनें त्या वृत्तांतावर आहे, हीच विजयदुर्गची खरी प्रतिष्ठा होय.

त्याच दुपारीं ती छाया पुढें गेली आणि महाराष्ट्रांत आणखी दोन ठिकाणीं असाच अनुभव आला. सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली स्वतंत्र तुकडी घेऊन सज्ज होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून पुण्यास उभी राहिलेली वेधशाळा त्यांच्या हातीं होती. जेऊरच्या कामाचा त्यांचा अहवाल १९०२ सालीं छापून निघाला. वऱ्हाडांतील तळणी येथें ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी लोकांच्या संस्थेची मंडळी उतरली होती. त्यांत ॲनी मॉन्डर होत्या. ग्रिनिच वेधशाळेंतील त्यांची नोकरी विवाहामुळें सुटली होती. अशा स्थितींत त्यांनीं एका लहानशा भिंगाच्या कॅमेऱ्यानें प्रभामंडळाचा एक किरण टिपला. तोंवर छायाचित्रांत आलेल्या सर्व किरणांहून तो लांब होता. सरकारी वेधशाळेंत ज्या बाईला जागा उरली नव्हती, तिनें वऱ्हाडच्या माळावरून जगापुढें नवी गोष्ट ठेवली.

आतां विजयदुर्गाकडे परत यावें. ओट्यांना नांव पडलें साहेबाचें. त्यांचा दगड-चुना कोणीं वाहिला, सामान पडावांतून कोणीं उतरविलें, त्यांचीं नांवें लोकांच्या तोंडीं राहिलीं नाहींत. ग्रहणाच्या दिवशीं कोंकणांतील माणूस परंपरेनें वेध पाळी, समुद्रावर स्नान करी, दान देई. त्याच्या पंचांगांत ग्रहणाची वेळ बिनचूक असे. म्हणजे आकाशाचें गणित त्याला परकें नव्हतें. परके होते ते नवे साधन आणि तें हातीं घेण्याचें आमंत्रण. खलाशाला तें आमंत्रण मिळालें, म्हणून तो निरीक्षक झाला. जेथें तें मिळत नाहीं, तेथें माणूस प्रेक्षकहि राहत नाहीं, दार लावून घरांत बसतो. १६ फेब्रुवारी १९८० रोजीं खग्रासाचा पट्टा कारवार-अंकोल्यावरून, म्हणजे या किनाऱ्याच्या अगदीं शेजारून गेला. त्या दिवशीं मोठमोठ्या शहरांचे रस्तेहि ओस पडले होते. भय अज्ञानाचें असतें हें खरें. परंतु तें अज्ञान दूर करण्याचा मार्ग केवळ उपदेश नव्हे. काम हातीं दिलें कीं भय आपोआप सरतें.

आजचें सरकारी संशोधन किल्ल्याच्या तटावरून उठून अंतराळांत गेलें आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघालेलें 'आदित्य' यान पृथ्वीपासून सुमारें १५ लक्ष किलोमीटरांवर राहून सूर्याकडे पाहत आहे. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेनें सिद्ध केली. बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या उपकरणांत सूर्याचें बिंब आड करून प्रभामंडळ पाहण्याची योजना आहे. विजयदुर्गावर काठीला लाविलेल्या चकतीमागें जी युक्ति होती, तीच ही. फरक इतकाच कीं येथें ग्रहण रोजचेंच आहे. मग आतां खलाशाचें काय काम उरलें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर २०१९ सालीं मिळालें. त्या सप्टेंबरांत चंद्रावर उतरतांना भारताचा विक्रम यांत्रिक अवतरक नाहींसा झाला. अमेरिकेच्या नासा संस्थेनें त्या जागेचीं छायाचित्रें सर्वांस पाहण्यास खुलीं केलीं. चेन्नईचे एक अभियंता, षण्मुग सुब्रमण्यन, यांनीं घरीं बसून जुनीं व नवीं छायाचित्रें ताडून पाहिलीं आणि एक ठिपका वेगळा असल्याचें कळविलें. नासाच्या शास्त्रज्ञांनीं पडताळा घेऊन तो विक्रमचाच अवशेष असल्याचें डिसेंबरांत मान्य केलें, व श्रेय त्यांचें त्यांस दिलें.

मालवणच्या किनाऱ्यासहि ही गोष्ट दूरची नाहीं. समुद्राच्या पृष्ठभागाची उष्णता व त्यावरील हरितद्रव्य उपग्रह टिपतात, आणि त्यावरून मासळी कोठें मिळण्याचा संभव आहे, याची सूचना हैदराबादची सरकारी सागरी संस्था किनाऱ्यास पाठविते. ती सूचना खरी ठरली कीं नाहीं, हें सांगूं शकतो तो जाळें ओढणारा माणूस. बांगडा कोठें लागला, पाण्याचा रंग कसा होता, हें त्यानें लिहून कळविलें, तर तो केवळ सूचना घेणारा राहत नाहीं, निरीक्षक होतो.

याप्रमाणें पाहतां लोकांचा सहभाग हा सरकारनें करावयाचा उपकार नव्हे, आणि लोकांनीं करावयाची करमणूकहि नव्हे. त्याला दोन अटी आहेत. सरकारनें साधन व माहिती मोकळी करावी, आणि श्रेय लपवूं नये. लोकांनीं दिसलें तेंच सांगावें, आणि दुसऱ्यानें तपासून पाहिल्यास रागावूं नये. या दुसऱ्या अटीची कसोटी विजयदुर्गासच लागते. आपल्या गांवीं हेलियमचा शोध लागला, हें सांगण्यांत अभिमान आहे. पण तो शोध येथें लागला नाहीं, येथें दुसरेंच एक मोठें काम झालें, हें मुलांना सांगण्यास अधिक धैर्य लागतें. ज्या शाळकरी मुलाला ओट्यापाशीं उभें राहून १८६८ आणि १८९८ या दोन सालांतला भेद समजला, त्याचा शास्त्रांत प्रवेश झाला असें समजावें.

२ ऑगस्ट २०२७ रोजीं पश्चिम भारतांतून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. दिवस पावसाळ्याचा असल्यानें १८६८ प्रमाणेंच ढगांचें भय आहे. २० मार्च २०३४ रोजीं काश्मीरकडून खग्रास जाईल. कोंकणांत तें खंडग्रास असेल, आणि मार्चांत आकाश सहसा स्वच्छ असतें. उघड्या डोळ्यांनीं सूर्याकडे पाहूं नये. योग्य काळी कांच घ्यावी, अथवा पुठ्ठ्यास बारीक छिद्र पाडून त्यांतून पडणारें सूर्याचें बिंब कागदावर पाहावें. एकानें घड्याळ धरावें, एकानें उष्णतामापक वाचावा, एकानें पक्ष्यांकडे लक्ष ठेवावें, एकानें सर्व लिहून घ्यावें. विजयदुर्गाचे ओटे त्या दिवशींहि तेथेंच असतील. त्यांवर या खेपेस गांवचीं मुलें बसलीं, तर त्या ओट्यांना केवळ साहेबाचे म्हणण्याचें कारण उरणार नाहीं.