जुन्या पिकअपच्या इंजिनात कोणतं तेल घालावं?



कांद्याच्या हंगामात लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या बाजार समितीबाहेर सकाळी गाड्यांची रांग लागते. तिच्यात जुन्या पिकअपही पुष्कळ असतात. कुणाची टाटाची २०७, कुणाची महिंद्राची, २५२३ सीसीच्या डीआय इंजिनाची. हौद्याचा पत्रा गंजलेला, दरवाजा दोरीनं बांधलेला, पण इंजिन चालू आहे आणि त्यावर घर चाललं आहे. अशा गाडीच्या मालकाला तेलाबद्दल सल्ला कुठंही मिळतो. मिस्त्री देतो, ऑइलचा दुकानदार देतो, रांगेत पुढं उभा असलेला ड्रायव्हरही देतो. सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच असतं, की गाडी जुनी झाली, रिंगा झिजल्या, आता जाड तेल टाका.

हा सल्ला सरसकट पाळण्यासारखा नाही. का, ते सांगतो.

तेलाच्या कॅनवर बरंच काही छापलेलं असतं, पण आपल्या कामाच्या गोष्टी दोनच. एक जाडीची आणि दुसरी दर्जाची. दुकानात फक्त पहिलीची चर्चा होते.

जाडीचा आकडा १५डब्ल्यू-४० असा असतो. त्यातला डब्ल्यूजवळचा आकडा थंडीतला. १५डब्ल्यू तेलाची चाचणी उणे २० आणि उणे २५ अंशांवर होते. निफाडला पारा तीन-चार अंशांवर आला तरी या तेलाला काही फरक पडत नाही. दुसरा आकडा गरम इंजिनातला, १०० अंशांवरचा. ४० नंबरचं तेल तिथं १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान भरतं, तर ५० नंबरचं १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. सेंटिस्टोक हे तेल किती सावकाश वाहतं ते मोजण्याचं माप.

आता यातली गंमत पाहा. १००ला चौदा-पंधरा भरणारं हेच १५डब्ल्यू-४० तेल ४० अंशांवर शंभराच्या पुढं जातं. म्हणजे ज्याला आपण पातळ म्हणून नाकारतो, तेच तेल सकाळी गाडी चालू करताना गरम इंजिनातल्यापेक्षा कितीतरी पट जाड असतं. चेंबरमधून पंपानं ते ओढायचं, फिल्टरमधून ढकलायचं आणि वर रॉकरपर्यंत पोचवायचं. तेवढा वेळ इंजिन जवळजवळ कोरडं फिरतं, आणि झिजेचा मोठा वाटा याच वेळचा असतो. तेल आणखी जाड केलं की हा वेळ वाढतो.

मग जाड तेल टाकल्यावर ऑइल प्रेशरचा काटा वर जातो, ते काय? जातो खरा. मालक खूश होतो, मिस्त्रीही खूश होतो. पण काट्याला कळतो तो फक्त दाब. तेल बेअरिंगपर्यंत किती पोचतंय, हे त्याला कळत नाही. तेल जाड असेल तर ते अडतं, आणि अडलं की दाब वाढतो. एवढाच त्या काट्याचा अर्थ.

तरी या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगायला हवं. बेअरिंगं खरोखर झिजलेली आहेत, इंजिन तापल्यावर रिकाम्या फेऱ्यांना ऑइलचा दिवा लुकलुकतो, आणि दिवाळीपर्यंत इंजिन खोलायला पैसे नाहीत. अशा वेळी २०डब्ल्यू-५० टाकून हंगाम काढता येतो. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरच्या उन्हात भरलेली गाडी ओढायची असेल, तर त्याचा थोडा आधारही वाटेल. पण ही तात्पुरती सोय आहे. दुखण्यावर बाम चोळावा तशी. दुखणं कुठलं आहे, हे आधी शोधलं पाहिजे.

ते शोधायला फार साधनं लागत नाहीत. सकाळी गाडी चालू करताना निळा धूर येतो आणि पाच मिनिटांत थांबतो, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यावा. घाटात लोड असताना निळा धूर सतत येतो आणि ब्रीदरमधून फुसफुस वाफ मारते, तर रिंगा आणि लायनर पाहावेत. धूर अजिबात नाही, पण गाडी उभी होती तिथं जमिनीवर डाग आहे, तर सील किंवा गॅस्केट गळतंय. पाणी कमी होतंय आणि डिपस्टिकवर दुधी चहाच्या रंगाचं काही दिसतंय, तर हेड गॅस्केट गेलं असण्याची शक्यता आहे. अशी गाडी मग पुढं चालवूच नका. आणि तेल कमी होण्याऐवजी वाढतंय, पातळ झालंय, त्याला डिझेलचा वास येतोय, तर इंजेक्टर किंवा डिझेल पंप तपासून घ्या. या पाचही दुखण्यांवर दुकानदार एकच औषध देतो, जाड तेल. एकाही दुखण्याला ते बरं करत नाही.

आता दर्जाकडे येऊ. माझ्या मते हीच खरी महत्त्वाची गोष्ट आहे, आणि नेमकी तिच्याकडेच पाठ फिरवली जाते.

कॅनवर एपीआय लिहून पुढं दोन अक्षरं आणि एक आकडा असतो. डिझेल इंजिनाच्या तेलाचं पहिलं अक्षर सी. सीएफ-४ हा दर्जा १९९० च्या सुमाराचा. सीएच-४ आला १९९८ मध्ये, सीआय-४ २००२ मध्ये, सीजे-४ २००६ मध्ये आणि सीके-४ २०१६ च्या अखेरीस. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितकं तेल साधारणपणे जास्त काजळी पेलतं. आपल्याकडे समजूत उलटी आहे. जुन्या गाडीला जुन्या दर्जाचं स्वस्त तेल पुरतं, नव्या दर्जाचं तेल नव्या गाडीला, असं लोक मानतात. वास्तविक झिजलेल्या रिंगांमधून जळका वायू खाली चेंबरमध्ये उतरतो आणि काजळी घेऊन येतो. म्हणजे चांगल्या तेलाची गरज जुन्या इंजिनालाच जास्त असते. म्हणून मी जुन्या डिझेल पिकअपला १५डब्ल्यू-४० आणि किमान सीआय-४ दर्जाचं तेल सुचवतो. गाडीच्या पुस्तिकेत दुसरी जाडी दिली असेल, तर जाडीपुरतं पुस्तिकेचं ऐकावं. एफए-४ असं छापलेलं तेल मात्र घेऊ नये. ते हलकं असतं आणि नव्या इंजिनांसाठी बनवलेलं असतं.

सीजे-४ आणि सीके-४ बद्दल एक जुना आक्षेप आहे, की त्यांत राख होणारी द्रव्यं कमी असतात, त्यामुळे आम्ल मारायची ताकदही कमी असते. आक्षेप चुकीचा नव्हता. डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं, ते जळून आम्ल व्हायचं आणि तेलातला अल्कली भाग लवकर संपायचा. पण १ एप्रिल २०२० पासून देशभर पंपांवर बीएस-६ डिझेल मिळतं आणि त्यातलं गंधक दशलक्ष भागांत जेमतेम १० भाग असतं. बीएस-३ च्या डिझेलमध्ये ते ३५० पर्यंत चालत होतं. तेव्हा या आक्षेपात आता फारसा दम उरलेला नाही.

ग्रामीण भागातली एक खास अडचण आहे. घरात पंपसेटसाठी आणलेला ४० नंबरचा मोनोग्रेड डबा असतो आणि ट्रॅक्टरसाठीचाही असतो. घाईत तेच पिकअपमध्ये ओतलं जातं. पंपसेटचं तेल एकाच जाडीचं, सकाळी फार घट्ट, आणि दर्जाही बहुधा मागचा. ट्रॅक्टरच्या इंजिनाचं तेल एक वेळ चालेल. कॅनवरचा दर्जा पाहून ठरवा. पण ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं, हायड्रॉलिकचं आणि तेलातल्या ब्रेकचं म्हणून जे तेल मिळतं, ते इंजिनासाठी नाही. ते चुकूनही टाकू नका.

तेल दोन दिवसांत काळं झालं म्हणून नाराज होणारेही पुष्कळ भेटतात. दुकानदारानं भेसळ दिली, अशी शंका घेतात. डिझेल इंजिनात तेल काळंच होतं. काजळी धुऊन ती अंगावर धरून ठेवायची, हे त्याचं कामच आहे. बरेच दिवस स्वच्छ राहणारं तेल दिसलं, तर मला उलट काळजी वाटेल, कारण मग काजळी इंजिनातच कुठंतरी साचत असणार.

जुनी पिकअप नुकतीच विकत घेतली असेल, तर आधीच्या मालकानं काय घातलं होतं ते कळत नाही. अशा वेळी काही गॅरेजांत चेंबरमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन चालवतात आणि धुऊन काढल्याचं समाधान मानतात. हे करू देऊ नका. बेअरिंगवरचा तेलाचा थर तेवढ्यात निघून जातो, आणि उरलेलं रॉकेल नव्या तेलात मिसळतं. त्यापेक्षा चांगलं तेल आणि नवा फिल्टर घालून हजार-दीड हजार किलोमीटरांत पुन्हा दोन्ही बदला. मळ हळूहळू सुटतो आणि इंजिनालाही त्रास होत नाही.

सिंथेटिक घ्यावं का, असं विचारतात. पैसे असतील तर घ्या, इंजिनाचं काही बिघडणार नाही. पण लिटर-लिटर तेल पिणाऱ्या इंजिनात महागडं तेल ओतण्यात मला अर्थ दिसत नाही. तो पैसा एअर फिल्टरवर आणि वेळेवर ऑइल बदली करण्यावर खर्च करा. शेतरस्त्यावरची धूळ फिल्टरमधून आत गेली, तर कुठलंही तेल लायनर वाचवू शकत नाही.

वेळेवर म्हणजे कधी? पुस्तिकेतले किलोमीटर साधारण रस्त्यासाठी धरलेले असतात. बाजाराच्या रांगेत तासन्‌तास चालू ठेवलेलं इंजिन किलोमीटरमध्ये दिसत नाही, पण तेल तेवढंच झिजतं. शिवाय जुन्या पिकअपच्या मीटरची केबल बहुधा तुटलेलीच असते. तेव्हा तारीख धरा. एअर फिल्टरच्या डब्यावर पट्टी चिकटवून बदलीची तारीख आणि तेलाचं नाव पेननं लिहा, आणि मधे मधे किती तेल वर टाकलं तेही लिहा. महिन्याला अर्धा लिटर लागत होतं, ते आता दीड लिटर लागतं, हे कागदावर दिसलं की मिस्त्रीशी बोलताना तुमची बाजू भक्कम होते. डिपस्टिक पाहताना गाडी सपाटीवर उभी करा आणि इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. वरच्या खुणेच्या पुढं भरू नका. क्रँकनं घुसळून तेलाला फेस येतो.

कॅन पेट्रोल पंपावरून किंवा ओळखीच्या अधिकृत दुकानातून घ्या आणि सील स्वतः तोडा. रिकामा कॅन गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. त्याला सुरीनं चीर द्या आणि मगच भंगारात घाला, कारण अखंड कॅनमध्ये पुन्हा भेसळ भरून विकली जाते. काढलेलं जळकं तेल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. झाकणाच्या ड्रममध्ये साठवा आणि वापरलेलं तेल घेणाऱ्या अधिकृत माणसालाच द्या. ते न्यायला येतात का, हे तुमच्या पंपावर किंवा मोठ्या गॅरेजमध्ये विचारून ठेवा.