चार सिलिंडर, एक पंगत



कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वखर, गेटं, शेडच्या कैच्या ही माझी रोजची कामं. आज मात्र मी एका वेगळ्या कामाबद्दल बोलणार आहे. त्या कामानं माझ्या भाच्याला दोन महिने माझ्यावर रुसायला लावलं आणि मला माझ्याच हाताची एक चूक दाखवली.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं मित्रांबरोबर वर्गणी काढून एक जुनी चार सिलिंडरची, 1300 सीसीची पेट्रोल गाडी घेतली. बंद मैदानावरच्या शर्यतीसाठी तिला टर्बो बसवायचा होता. कंपनीचा मॅनिफोल्ड त्याला जुळेना. तेव्हा स्वारी माझ्याकडे आली. "मामा, तुम्हीच बनवून द्या."

मी आधी एकच विचारलं, "ही गाडी रस्त्यावर आणणार का?" कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं आहे. "नाही मामा, टेम्पोत घालून मैदानावर न्यायची," असा शब्द त्यानं दिला, तेव्हाच मी काम हातात घेतलं.

टर्बो ही काही नवी गोष्ट नाही. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं 1905 मध्ये तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं इंजिनात हवा दाबून भरायची. लहान टर्बोचं चक्र मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं. आज आपले ट्रक, बस, कितीतरी ट्रॅक्टर यांच्यावर टर्बो असतो. आपल्या जिल्ह्यात शेंद्र्याला 2001 पासून स्कोडाच्या गाड्या जुळू लागल्या, त्यांतही टर्बोच्या गाड्या होत्या. सायकलचा पंप मारताना तो खालून तापतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. टर्बोनं दाबलेली हवाही तशीच तापते. म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून घेतात आणि मग ती येते मॅनिफोल्डमध्ये.

मॅनिफोल्ड म्हणजे काय? ठिबक सिंचन केलेल्या शेतकऱ्याला हे लगेच समजेल. मोठ्या पाइपातून पाणी येतं आणि बारीक नळ्यांतून प्रत्येक झाडाला जातं. इथं मोठी पोकळी म्हणजे प्लेनम आणि नळ्या म्हणजे रनर. चारही सिलिंडरना सारखी हवा मिळाली पाहिजे. पंगतीत एकाच्या पानावर जास्त आणि दुसऱ्याच्या पानावर कमी वाढलं, तर रुसवा होतो. इंजिनात नुसता रुसवा होत नाही. पेट्रोल चौघांना सारखं आणि हवा एकाला जास्त, असं झालं की त्या सिलिंडरचं मिश्रण कोरडं पडतं. मग टर्बोच्या दाबाखाली ते अवेळी भडकतं, ठोके पडतात आणि पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

भाच्यानं कागदावर चौकोनी पेटी काढून आणली होती, 30 सेंटिमीटर लांब आणि 10 सेंटिमीटर रुंद. मी त्याला हिशेब घालून दाखवला. टर्बोचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 0.7 किलो धरला, तर 300 चौरस सेंटिमीटरच्या त्या पत्र्यावर आतून 210 किलोंचा रेटा येतो. म्हणजे दोन क्विंटल कापसाहून जास्त! सपाट पत्रा फुगणार, पुन्हा बसणार आणि शेवटी वेल्डिंगच्या कडेला तडकणार. गोल पाइप तो दाब सगळीकडे सारखा वाटून घेतो. म्हणून आम्ही 9 सेंटिमीटर व्यासाचा, 3 मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पाइप घेतला. आतली जागा झाली दीड लिटरहून थोडी जास्त. प्लेनम इंजिनच्या क्षमतेइतका ते दीडपट असावा, असा ढोबळ हिशेब आहे, त्यात ते बसत होतं. रनरची प्लेनममधली तोंडं नरसाळ्यासारखी पसरट केली, म्हणजे हवा कडेला न अडखळता आत वळते.

इंजिनला बसणारी 12 मिलिमीटर जाडीची पट्टी, म्हणजे फ्लँज, वाळूजला लेझरवर कापून आणली. बाकीचं टिग वेल्डिंग माझ्याकडे. आमच्या गावाच्या नावात रंगारी आहे, पण हा धातू रंगच दाखवत नाही. लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, आणि आपल्याला सावध करतं. ॲल्युमिनियम काही न सांगता एकदम वितळून खाली पडतं. शिवाय धातू वितळतो 660 अंशांना आणि त्याच्यावरची ऑक्साइडची साय वितळते 2000 अंशांच्या पुढं. ती साय आधी घासून काढावीच लागते. फ्लँज तापून वाकू नये म्हणून ती जाड लोखंडी पाटावर बोल्टांनी आवळली आणि थोडं थोडं, आलटूनपालटून वेल्डिंग केलं. एवढं करूनही तोंड किंचित वाकलंच. ते वाळूजला नेऊन मशीनवर सपाट करून घेतलं.

शर्यत रविवारी होती. शुक्रवारी रात्री मी सगळी तोंडं बंद करून मॅनिफोल्डमध्ये पाणी भरलं आणि हातपंपानं दुप्पट दाब दिला. पाण्यानंच दिला. कारण दाबलेली हवा फुटली तर गोळीसारखी उडते, पाणी नुसतं गळतं. तिसऱ्या रनरच्या बुडाशी, जिथं टॉर्च नीट पोचत नव्हता, तिथं एक थेंब जमला.

भाचा म्हणाला, "मामा, एक थेंबच तर आहे. एम-सील लावून टाका."

मी नाही म्हणालो. इंजिन मंद चालत असतं तेव्हा मॅनिफोल्डमध्ये उलट ओढ असते. त्याच फटीतून बिनहिशेबी हवा आत शिरणार, तीही नेमकी तिसऱ्या सिलिंडरला. आणि उष्णता व हादरे यांपुढं ती फट तेवढीच राहील, याची हमी कोण देणार? पोरं हिरमुसली. भाचा न जेवता निघून गेला. सकाळी ताईचा फोन, "अरे, पोराचं मन मोडलंस. सहा महिने राबला होता तो."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी तो जोड कापला. आत काळपट रेघ होती. तेव्हा आठवलं, त्या एका जागी मी ट्रॉलीच्या लोखंडाला वापरलेलाच तारेचा ब्रश मारला होता. ॲल्युमिनियमला स्टेनलेसचा ब्रश वेगळा ठेवावा लागतो, हे मला ठाऊक होतं. घाईत हातात आला तो घेतला. चूक माझीच होती. आणि त्या रेघेच्या मागं रनरच्या आत ज्वारीच्या दाण्याएवढा ॲल्युमिनियमचा मणी अर्धवट चिकटलेला होता. शर्यतीत तो सुटला असता, तर थेट सिलिंडरमध्ये गेला असता. लोहचुंबकाला हा धातू लागत नाही, त्यामुळं चुंबक फिरवूनही तो सापडला नसता.

मी ताईला फोन करून सगळं सांगितलं, माझ्या ब्रशसकट. जोड नव्यानं केला, तोंड पुन्हा सपाट करून आणलं, पुन्हा पाणी भरलं. या वेळी रात्रभर ठेवलं. थेंब नाही.

दोन महिन्यांनी पुढची शर्यत झाली. पोरांना बक्षीस मिळालं नाही, पण गाडी दिवसभर चालली आणि चारही स्पार्क प्लग एकाच रंगाचे निघाले. म्हणजे पंगत सारखी वाढली गेली होती. ते प्लग दाखवायला भाचा मुद्दाम देवगावला आला आणि ताईच्या हातच्या पुरणपोळ्याही घेऊन आला.

माझ्या दुकानात आता दोन ब्रश दोन वेगळ्या खिळ्यांना टांगलेले असतात. नवा पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी मी त्याला ते दोन खिळे दाखवतो आणि हीच गोष्ट सांगतो.