कर्व्ह सपाट झालाय म्हणजे काय?

आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचं आहे, कर्व्ह. शिवणक्लास केलेल्या बायांना तो ठाऊक आहे. ब्लाउजचा मुंढा आखायला आपण वाकडी पट्टी घेतो, ती फ्रेंच कर्व्ह. म्हणजे बाक, गोलाई. घाटातल्या रस्त्याचं वळणही कर्व्हच. मात्र चौकात आपण डावीकडं वळलो तर तो टर्न. आपण रस्ता सोडला नाही, रस्ताच वाकला, तर कर्व्ह.

इथवर सोपं आहे. माझी फसगत झाली ती पुढं.

२०२० साली कोरोनात टीव्हीवर सारखं ऐकायचो, कर्व्ह सपाट करा. तिथं कर्व्ह म्हणजे रोजचे रुग्ण दाखवणारी आलेखाची रेघ. ती टेकडीसारखी एकदम चढली तर दवाखान्यात खाटा पुरणार नाहीत, म्हणून ती बसकी हवी. माझ्या डोक्यात पक्कं बसलं, सपाट म्हणजे चांगलं.

पुढं नात आठ महिन्यांची असताना सून अंगणवाडीतून आली. म्हणाली, "आत्या, ताई म्हणतात कर्व्ह सपाट झालाय." मी म्हटलं, "बरं झालं की गं!" ठिपका हिरव्या पट्ट्यात होता. मग काळजी कसली? महिनाभर आम्ही निवांत.

मग ताईच घरी आल्या. कार्ड उघडून बोट ठेवून दाखवलं. खाली आडवं वय, बाजूला उभं वजन. दर महिन्याचा ठिपका जोडला की बाळाची रेघ होते, आणि ती वर चढायलाच हवी. साधारण पाच महिन्यांत जन्माच्या वजनाची दुप्पट, वर्षाला तिप्पट. रेघ आडवी झाली म्हणजे वजन वाढायचं थांबलं. खाली वळली तर जास्तच गंभीर. पट्टा हिरवा असला तरी हे लागू आहे बरं का! मुलींचा तक्ता वेगळा असतो, मुलांचा वेगळा, तेही मला तेव्हाच कळलं.

आम्ही नातीला तांदळाची पातळ पेज देत होतो. पोट भरायचं, अंगी लागायचं नाही. ताई म्हणाल्या, चमच्यावरून ओघळणार नाही असं घट्ट भरवा. मग मऊ वरणभात कुस्करून, वर तेल नाहीतर तूप, दिवसातून तीनदा आणि अंगावरचं दूध चालूच. पुढच्या महिन्यात ठिपका चढला. थोडासाच, पण चढला.

आता वजनाच्या दिवशी सुनेबरोबर मीही जाते, आणि गेल्या महिन्याचा ठिपका कुठं होता ते आधी बघते.